कडेचा शिपाई

सेनापतीचं डोकं दोनदा बदललं होतं, घोडा मात्र पहिल्यापासून तोच. चित्र दीड हात रुंद, तांब्याच्या पाटीवरून छापलेलं, आणि त्यात गर्दी एवढी की मुंगीला शिरायला जागा नाही. मधोमध मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा, त्याच्यावर सेनापती, हातात आखूड दंडुका. अंगात जुन्या साम्राज्यांच्या थाटाचं चिलखत, ज्यावर छातीपोटाचे स्नायू आयतेच कोरलेले असतात. वर ढगांतून पंखवाली विजयदेवता कर्णा फुंकतेय, मागे दगडी कमान, एका खांबावर हरलेल्यांची शिरस्त्राणं आणि ढाली टांगलेल्या, घोड्याच्या टाचांशी हात बांधलेले बंदिवान, आणि दोन्ही कडांना भाले धरलेल्या शिपायांच्या रांगा.

ज्या राजासाठी ही पाटी कोरली तो गेला, दुसरा आला. नवी पाटी कोरायची म्हणजे दोन वर्षांचं काम, आणि गादीवर नुकत्याच बसलेल्या माणसाला तेवढा धीर कुठला? मग कारागिराने पहिल्याचं डोकं खरवडलं, जागा घोटून गुळगुळीत केली, पाटीला मागून हातोडीने हलके हलके ठोकून खळगा वर आणला आणि तिथे दुसऱ्याचं डोकं बसवलं. पुढे तिसऱ्याचंही असंच. नीट पाहिलं तर तिसऱ्याच्या कानामागे पहिल्याच्या तुऱ्यातली दोन पिसं अजून दिसतात. तिघांपैकी कोणाची ढेरी सुटली होती आणि कोणाला जिना चढताना धाप लागायची ते देव जाणे, चिलखतातले स्नायू तिघांनाही सारखेच मिळाले.

संग्रहालयात या चित्राला सगळे 'तीनडोक्या' म्हणत. आणि ज्या बाईच्या टेबलावर तो आता उताणा पडला होता तिला सगळे 'कागदताई' म्हणत. वय एकोणपन्नास, त्यातली चोवीस वर्षं याच खोलीत गेलेली. खोलीत उत्तरेची मोठी खिडकी, एक लांब टेबल, ब्रश, सपाट पाण्याच्या थाळ्या, खळीचं भांडं. फाटलेला, कसर लागलेला, कोणीतरी चहाचा कप ठेवून डाग पाडलेला, असा कुठलाही कागद तिच्याकडे यायचा आणि माणसात येऊन जायचा. प्रत्येक कागदासोबत ती एक कार्ड लिहायची: कागद कसा आहे, काय मूळचं, काय नंतरचं. चोवीस वर्षांत एका कार्डावर तिने खोटं लिहिलं नव्हतं. यात फुशारकी नव्हती, तो तिचा स्वभावच होता. भाजीवाल्यालासुद्धा ती 'भेंडी जून आहे' असं तोंडावर सांगायची आणि मग तीच घेऊन यायची.

तीन आठवड्यांनी प्रदर्शन होतं, जुन्या छापचित्रांतल्या फौजा आणि सत्ता यांचं. मुख्य भिंत तीनडोक्यासाठी राखलेली. त्याच्याशेजारी माहितीची एक पाटी लागणार होती, तिच्या वडलांवर.

कारण ही छाप तिच्या वडलांनी काढलेली. पन्नासेक वर्षांपूर्वी ते याच इमारतीच्या तळघरात छापणारे होते. सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत. त्यावेळचे प्रमुख फौजेतून निवृत्त झालेले कर्नल. त्यांना जुन्या पाटीवरून पन्नास प्रती हव्या होत्या, बड्या लोकांना भेट द्यायला. मास्तरांनी वीस काढल्या आणि छापयंत्राचं चाक थांबवलं. "पाटी आता सोसणार नाही," म्हणाले. कर्नल गरजले, टेबलावर छडी आपटली. मास्तरांनी एप्रन काढला, घडी करून चाकावर ठेवला आणि म्हणाले, "मग चाक तुम्ही फिरवा." कर्नलसाहेबांनी चाक काही फिरवलं नाही.

ही गोष्ट संग्रहालयात भिंतींनासुद्धा पाठ होती. कागदताईने शाळेत 'माझे आवडते व्यक्तिमत्त्व' या निबंधात तीच लिहिली होती आणि बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली होती. आई नसलेल्या मुलीला मिरवायला काहीतरी लागतंच, तिला ही गोष्ट होती. एक साधा छापणारा, समोर छडी घेतलेली सत्ता, आणि मध्ये तांब्याची एक म्हातारी पाटी, जी त्याने वाचवली.

आई गेली तेव्हा ती पाच महिन्यांची होती. ताप आला आणि आठवड्यात सगळं संपलं. आत्याने वाढवलं. आईचा फोटो नव्हता. एकदाच आईबाबा स्टुडिओत गेले होते, पण फोटोवाल्याने 'हलू नका' म्हटलं की आईला हसू फुटायचं. सगळे फोटो हलले. फोटोवाला वैतागून म्हणाला, पुढच्या महिन्यात या. तो पुढचा महिना राहून गेला. 'आई कशी दिसायची?' असं विचारलं की बाबा म्हणायचे, "तुझ्यासारखी," आणि लगेच त्यांना कुठलं तरी काम आठवायचं.

त्या दिवशी सकाळी ती भिंग घेऊन तीनडोक्या तपासत होती. तिची पद्धत ठरलेली: उजव्या कडेपासून सुरुवात, बोटभर बोटभर सरकत डावीकडे. सेनापती झाला, घोडा झाला, बंदिवान झाले, डावीकडचे शिपाई झाले. राहिला अगदी कडेचा, शेवटचा शिपाई, ज्याच्या भाल्याचं टोक चौकटीबाहेर गेलंय. तिथे भिंग आलं आणि तिचा हात थांबला.

रेघ वेगळी होती. या पाटीवरच्या बाकी सगळ्या रेघा ॲसिडने खाल्लेल्या: पाटीवर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यात चित्र काढायचं, मग ॲसिड तेवढाच भाग खातं. अशी रेघ स्वच्छ छापते, टोकाला बोथट. ही तशी नव्हती. ही मऊ, केसाळ, कडेने शाई पसरलेली. कोणीतरी मेण-ॲसिडच्या भानगडीत न पडता सुईने थेट तांबं ओरबाडलं होतं. तसं केलं की रेघेच्या काठावर तांब्याची बारीक कुसं उभी राहतात, त्यात शाई अडकते आणि रेघ मखमलीसारखी उमटते. पण ती कुसं नाजूक. छापेगणिक दबत जातात.

आणि तो चेहरा शिपायाचा नव्हता. शिरस्त्राणातून एक बट कानावर आलेली. खालचा ओठ दातांखाली धरलेला, हसू आवरताना धरतात तसा. एक भुवई मध्येच तुटलेली, आणि तुटल्यानंतरचा तुकडा जरा वर उचललेला, 'असं का?' म्हटल्यासारखा.

कागदताईचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. अशी भुवई तिने आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली होती, रोज सकाळी दात घासताना.

ती उठली, कपाटातून जुन्या छापचित्रांची जाडजूड सूची काढली. दुसऱ्या एका संग्रहालयात या चित्राची जुनी छाप होती, तिसऱ्या डोक्याच्याच काळातली. तिचा फोटो सूचीत होता. त्यात डाव्या कडेच्या शेवटच्या शिपायाला चेहराच नव्हता. पाटीचा तो कोपरा कधीचाच झिजून गेलेला, शिरस्त्राणाखाली नुसतं पांढरं.

तिने सूची तशीच उघडी ठेवली. मग पहिल्यांदाच टेबल न आवरता घरी गेली.

बाबा स्वयंपाकघरात चहा करत होते. वय ऐंशी, हात अजून खणखणीत, डोळ्यांनी मात्र दगा दिलेला. डॉक्टर म्हणाले होते, मधली नजर गेली, कडेची शिल्लक आहे, तीही किती दिवस ते सांगता येत नाही. म्हणजे समोरच्या माणसाकडे पाहिलं की त्याच्या जागी धुरकट डाग आणि आजूबाजूचं दार, खिडकी, खुंटीवरची छत्री तेवढी दिसायची. माणूस पाहायचा तर त्याच्या बाजूला पाहायला लागायचं. शेजारच्या काकूंना आधी वाटलं होतं, मास्तर आपल्यावर रागावलेत.

"लवकर आलीस," ते तिच्या डाव्या खांद्यापलीकडच्या भिंतीला म्हणाले.

"बाबा, तीनडोक्याच्या डाव्या कडेचा शेवटचा शिपाई कोण आहे?"

बाबा चहा ओतत होते. कप भरला, बशी भरली, ओट्यावरून चहा खाली ठिबकायला लागला. तिने पुढे होऊन त्यांच्या हातातून भांडं घेतलं.

"सापडला तर," ते म्हणाले. "मला वाटलं, मी गेल्यावर सापडेल."

ते खुर्चीत बसले. तिने ओटा पुसला. फडकं धुतलं, पिळलं, पुन्हा धुतलं. काही गोष्टी समोरासमोर ऐकता येत नाहीत, हातात काम लागतं.

"ती जाऊन दोन महिने झाले होते," बाबा म्हणाले. "तू आत्याकडे. कर्नलसाहेबांनी पाटी काढायला सांगितली. मी तळघरात एकटा. पाटी साफ करत करत त्या कोपऱ्यात आलो, तर एवढी सगळी फौज, आणि एकाला तोंड नाही. मी रोज त्या रिकाम्या जागेकडे बघायचो. तिसऱ्या दिवशी सुई उचलली."

"परवानगी?"

"कोणाची घेणार? कर्नलसाहेबांची? साहेब, माझी बायको गेली, तिला तुमच्या फौजेत भरती करू का, असं विचारू?"

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले.

"पण शिपाई का, बाबा? बंदिवानांत बायका होत्या की."

"त्यांचे चेहरे शाबूत होते. आणि नसते तरी, तिचे हात बांधायला मी कोण? ती कधी कोणाच्या मागून चालली नाही. तिला भाला शोभायचा. घरात झाडू धरायची तोही तसाच धरायची."

"आणि पन्नासच्या जागी वीस?"

बाबांनी मान खाली घातली. ऐंशी वर्षांचा माणूस शाळेत पकडलेल्या मुलासारखा दिसायला लागला.

"पाटीने आणखी शंभर छापा सोसल्या असत्या. पाटीला काय धाड भरली होती? ती नव्हती सोसत, तुझी आई. पहिल्या छापेत ती अशी आली होती, की मी कागद उचलला आणि उभ्या उभ्या खाली बसलो. पाचवीपर्यंत ठीक. दहावीला ओठ गेला. पंधरावीला डोळे फिके. मी चाक फिरवायचो आणि दर फेऱ्याला तिला पुसायचो, माझ्याच हाताने. विसावी काढली तेव्हा नुसती सावली उरली होती. एकविसावी काढली असती तर मी तिला दुसऱ्यांदा... मी कुठल्या सत्तेबित्तेसमोर उभा राहिलो नव्हतो. मला भीती वाटत होती, एवढंच. लोकांनी त्याचं शौर्य केलं. मी गप्प बसलो. तूही निबंध लिहिलास."

"म्हणजे पहिली छाप तुम्ही संग्रहालयातच ठेवून घेतलीत."

"हो. वर्षातून एकदा खण उघडून कागदांना हवा द्यायची असते ना, ते काम मी कोणाला करू दिलं नाही. नोकरी संपली तेव्हापासून पाहिली नाही तिला. वीस वर्षं झाली."

"मला का नाही दाखवलीत?" हे विचारताना तिचा आवाज चढला. तिला राग आला होता आणि तो खरा होता. "मी चोवीस वर्षं तिच्यापासून दोन खोल्यांवर बसतेय, बाबा. मला आईचा चेहरा माहीत नव्हता. तुमच्या एका शब्दाचं काम होतं."

बाबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. शाई कधीच धुऊन निघाली होती, तरी नखांच्या मुळाशी काळी रेघ राहिलेली.

"कारण ती चुकली गं. पाटीवर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे येतं. छापणाऱ्याला हे झोपेतसुद्धा कळतं. आमच्याकडे तर पहिल्या दिवशी आरशासमोर बसवून काढायला शिकवतात. आणि मी, एवढा मास्तर, तिला आठवत गेलो आणि सरळच काढत गेलो. जशी माझ्यासमोर बसायची तशी. तांब्यावर ती हुबेहूब ती होती. कागदावर उलटी झाली. भुवई भलत्याच बाजूला. दुसऱ्या कोणाला फरक वाटला नसता, पण मला ती दुसरीच कोणी बाई वाटायची, तिची बहीण असावी तशी. पाटीवरची खरी तर मी वीस फेऱ्यांत पुसून टाकली. मग तुला काय दाखवू? ही तुझी आई, पण अशी नव्हती, असं सांगू?"

तिने नवा चहा टाकला.

रात्री नाही म्हणायला डोळा लागला, पण प्रश्न उशाशी बसूनच होता. कार्डावर खरं लिहिलं तर बाबांची गोष्ट जाईल, ती वाचवलेल्या पाटीची, एप्रनची, 'चाक तुम्ही फिरवा'ची. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण 'कोणीतरी नंतर खुडबूड केलेली छाप' म्हणून प्रमुख ती भिंतीवरून उतरवतील आणि दुसऱ्या संग्रहालयातून बिनचेहऱ्याच्या शिपायाची जुनी छाप मागवतील. ही पहिली छाप पुन्हा खणात जाईल. आणि बाबांची कडेची नजर पुढच्या प्रदर्शनापर्यंत थांबणार नाही. खोटं लिहिलं, म्हणजे काहीच लिहिलं नाही, तर आई भिंतीवर लागेल, पण भाडोत्री शिपाई म्हणून. कोणाला कळणार नाही ती कोण. इतकी वर्षं कोणाला कळलं नाही तसंच.

सकाळी निघताना तिने दारातून विचारलं, "बाबा, काय लिहू?"

"तू आजपर्यंत काय लिहीत आलीस?"

"खरं."

"मग मला कशाला विचारतेस?" ते म्हणाले, आणि जरा थांबून, "फक्त तिला उतरवणार असतील, तर आधी मला एकदा घेऊन चल."

नवे प्रमुख वयाने तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. गळ्यात दोरीला भिंग लटकवून फिरायचे, म्हणून त्यांना पाठीमागे 'भिंगसाहेब' म्हणत. माणूस हुशार, पण शिष्ट, आणि बोलताना पुस्तकासारखा बोलायचा. तिने लिहिलेलं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं आणि उभी राहिली. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे मास्तरांनी पाटीशी छेडछाड केली," ते म्हणाले.

"हो."

"आणि वीस प्रतींचं कारण पाटी वाचवणं हे नव्हतंच."

"नव्हतं."

"ताई, मी भिंतीवरची माहितीची पाटी छापायला पाठवली आहे. 'सत्तेला नकार देणारा छापणारा.' आणि ही छाप आता, शास्त्रीय दृष्ट्या म्हटलं तर, बिघडलेली आहे."

कागदताई साधारणपणे वरिष्ठांशी मान तुकवून बोलणारी बाई. पण बिघडलेली हा शब्द तिच्या वर्मी लागला.

"साहेब, या तांब्याच्या पाटीवर दुसऱ्या राजाने पहिल्याचं डोकं उडवून आपलं बसवलं. त्याला तुम्ही काय म्हणता? पाटीची दुसरी अवस्था. मग तिसऱ्याने दुसऱ्याचं उडवलं. ती तिसरी अवस्था. त्यावर तुम्ही चाळीस पानं लिहिलीत, मी वाचलीत, चांगली आहेत. दोघांनी दोन माणसं पुसली तर तो इतिहास, आणि माझ्या बाबांनी कोणालाही न पुसता एका रिकाम्या जागेत बायकोचा चेहरा काढला तर ती छेडछाड? हा कुठला न्याय? या सबंध चित्रात स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं खरं माणूस एकच आहे, साहेब, आणि तुम्ही त्यालाच बिघाड म्हणताय."

बोलून झाल्यावर तिने खुर्चीची पाठ धरली.

भिंगसाहेब उठले, तिच्या खोलीत गेले, तीनडोक्यावर वाकले आणि डाव्या कडेला भिंग लावलं. मग वळून तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या कपाळाकडे, आणि ओशाळून नजर काढून घेतली.

"इतर एकोणीस प्रतींत ही दिसत नसेल," ते म्हणाले, या वेळी पुस्तकासारखं नाही.

"पहिल्या चार-पाचांत असेल. त्या कुठे गेल्या ते कोणाला माहीत नाही."

"म्हणजे हीच." त्यांनी भिंग गळ्यावर सोडलं. "छापायला गेलेली माहितीची पाटी मी थांबवतो. नवा मजकूर तुम्ही लिहा. थोडक्यात लिहा, मी लिहिलं तर पुन्हा चाळीस पानं होतील. आणि ताई, ही जरा खाली लावू. मास्तरांची उंची किती?"

उद्घाटनाच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी दोनदा केली. गर्दी बरीच होती. सगळे सेनापतीसमोर. एकजण बायकोला पिसं दाखवत होता, दुसरा घोड्यापुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेत होता. डाव्या कडेला कोणी नव्हतं. शेजारच्या पाटीवर चार ओळी होत्या: 'अवस्था चौथी. डावीकडच्या शेवटच्या शिपायाचा चेहरा छापणाऱ्याने सुईने काढला आहे. चेहरा त्याच्या पत्नीचा. तो फिका होऊ लागला म्हणून त्याने विसाव्या प्रतीनंतर छपाई थांबवली.'

कागदताईने बाबांचा हात धरून त्यांना चित्रापुढे नेलं. ती त्यांना डावीकडे वळवायला लागली, तर त्यांनी हात सोडवून घेतला.

"तिथे पाहिलं तर ती दिसणार नाही," ते म्हणाले. "थांब."

ते बरोबर मधोमध उभे राहिले आणि त्यांनी नजर रोखली ती थेट सेनापतीच्या तोंडावर. लोकांना वाटलं असेल, म्हातारा काय टक लावून पाहतोय त्या राजाकडे. तिला मात्र कळलं. बाबा जिकडे पाहतील तिकडचं पुसलं जात होतं. तीन राजांची तीन डोकी, दंडुका, घोड्याचं तोंड, सगळं त्या धुरकट डागात गेलं असणार. राहिली असेल ती कड.

"आहे," ते हळूच म्हणाले. "अंधुक आहे, पण आहे. भाला नीट धरलाय."

तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते म्हणाले, "फक्त उलटी नसती आली तर."

हे ऐकायलाच ती तीन आठवडे थांबली होती. बाबांनी सगळं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तोंडात ब्रश असताना, तिला ते कळलं होतं, आणि सांगायचं ते इथेच सांगायचं, असं तिने तेव्हाच ठरवलं होतं.

"बाबा, माझी तुटकी भुवई कुठली?"

"डावी. तिचीही डावीच."

"आणि मी आरशात पाहते तेव्हा ती मला कुठल्या हाताला दिसते?"

छापणाऱ्याला असलं काही विचारलं की तो हवेत बोटाने काढून पाहतो. बाबांनीही बोट उचललं, हवेत एक चेहरा काढला, मनातल्या मनात कागद पालथा घातला, उचलला. बोट तसंच वर राहिलं.

"मला माझं तोंड कधी सरळ दिसलंच नाही ना, बाबा. मी स्वतःला आयुष्यभर उलटीच पाहत आले. तुम्ही तिला बरोबर काढली असती तर मी भिंग पुढे सरकवलं असतं. ती उलटी आली म्हणून मला ओळखू आली."

बाबा तिच्याकडे वळले. तिला पाहायचं म्हणून तिच्या कानाच्या बाजूला, चित्रातल्या कमानीकडे कुठेतरी पाहत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"म्हणजे तुला ती सरळ," ते म्हणाले, काम तपासून पाहताना बोलायचे त्या आवाजात, "आणि मला तू सरळ."

"हो."

"मग छाप चांगली आली म्हणायची."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि तिचा दंड धरला.

"चल, बाजूला हो," ते म्हणाले. "लोकांना सेनापती बघायचाय."